वाचनालयातली जुनी पुस्तके स्कॅन करताना : कॉपीराइटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावचे ग्रंथपाल, वाचनालयांचे कार्यवाह आणि सभासद जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्यात २०२१ पर्यंत झालेल्या दुरुस्त्या धरून दिली आहेत. कॉपीराइट, प्रताधिकार आणि स्वामित्वहक्क हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत; खाली बोलण्यातला शब्द वापरला आहे.

१. पुस्तक वाचनालयाने पैसे मोजून घेतले आहे. मग ते स्कॅन करायला परवानगी कशाला लागते?

तुम्ही विकत घेतली ती एक प्रत. ती सभासदाला द्या, बांधून घ्या, जीर्ण झाली तर निर्लेखन करून रद्दीत काढा, कोणी अडवणार नाही. त्या मजकुराची नवी प्रत काढण्याचा हक्क मात्र किमतीत आलेला नसतो, आणि स्कॅन ही कायद्याच्या दृष्टीने नवी प्रतच आहे.

इथे दोन कामे वेगळी धरायला हवीत. स्कॅन करून जपून ठेवणे हे एक आणि तो स्कॅन लोकांपर्यंत पोहोचवणे हे दुसरे. पहिल्याला कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे, दुसऱ्याला फार थोडी. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांत ही दोन्ही कामे एकाच वाक्यात आलेली असतात.

२. कॉपीराइट किती वर्षे टिकतो? सोपा हिशेब सांगा.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ही वर्षे मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. चालू सालातून ६१ वजा करा. लेखक त्या साली किंवा त्याआधी वारला असेल तर त्याच्या हयातीत छापलेली पुस्तके मुक्त झाली, म्हणजे त्यांवर कुणाचा कॉपीराइट उरला नाही.

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यांची हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून मुक्त. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१७. सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत थांबायचे. खांडेकरांसाठी २०३६ आणि पु. लं.साठी २०६० अखेर.

दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात जो मागाहून वारला त्याचे वर्ष धरतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले होते आणि त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा ती ६० करण्यात आली. त्याआधीच मुक्त झालेले साहित्य पुन्हा बंद झाले नाही.

३. लेखकाचे मृत्युवर्षच सापडत नाही. कुठे पाहायचे?

आधी मराठी विश्वकोश, मग संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश आणि चित्रावशास्त्रींचा अर्वाचीन चरित्रकोश. पुस्तक कोणत्या साली, कुठे छापले एवढेच हवे असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पुरते. स्थानिक लेखकांच्या बाबतीत तुमच्याच वाचनालयाची जुनी इतिवृत्ते उपयोगी पडतात; दुखवट्याचे ठराव त्यांत तारखेसह असतात.

शीर्षकपानावर शके असेल तर ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८. महिना पौषाच्या पुढचा असेल तर ७९. मार्गशीर्ष आणि पौष या महिन्यांत मात्र पंचांग उघडा, कारण इंग्रजी साल या दोहोंपैकी एका महिन्यात बदलते. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाच्या हिशेबात एका वर्षाच्या चुकीने काही बिघडत नाही. प्रकाशनवर्षावर मुदत ठरते (प्रश्न ८ आणि १०) तिथे बिघडते.

४. पुस्तकावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापले आहे. आता काय?

त्या ओळीने मुदत वाढत नाही आणि ती नसली म्हणून हक्क जातही नाही. नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. जुन्या पुस्तकांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर’ अशा अर्थाची ओळ दिसते. तो छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा. तुमच्या हिशेबात त्याला स्थान नाही.

तरीही ती ओळ वाचाच. ‘सर्व हक्क सौ. अमुक यांचे स्वाधीन’ असे असेल तर हक्क कुणाकडे गेला त्याचा धागा तिथेच मिळतो (प्रश्न १३).

५. हक्क संपलेला नाही, पण प्रत हातात घेतली की तुकडे पडतात. जपण्यासाठी स्कॅन करता येईल का?

येईल. कलम ५२(१)(एन) नेमके यासाठीच २०१२ साली आणले. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची कागदी प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक रूपात साठवणे हा भंग नाही. कुणाची परवानगी नको, शुल्क नको.

अटी तीन, आणि तिन्ही कागदावर दिसल्या पाहिजेत. प्रत तुमची असावी: दाखल क्रमांक लिहा. शेजारच्या वाचनालयातून आणलेली प्रत स्कॅन करून स्वतःकडे ठेवली तर या कलमाचा आधार मिळत नाही. हेतू जतनाचा असावा: कार्यकारी मंडळाचा ठराव करा आणि प्रतीची अवस्था एका ओळीत नोंदवा (‘शिवण सुटली, पृ. १ ते १६ ठिसूळ’). ग्रंथालय अव्यापारी असावे: त्याबद्दल प्रश्न ६.

स्कॅन झाल्यावर मूळ प्रत बाद करू का, असेही विचारतात. करू नका. कलमाचा सगळा डोलारा त्या कागदी प्रतीवर उभा आहे. ती रद्दीत गेली की स्कॅन कशाच्या जोरावर ठेवला, याचे उत्तर देणे अवघड होते. खोक्यात घालून, क्रमांक टाकून वरच्या फळीवर ठेवा.

६. आम्ही वर्गणी आणि अनामत घेतो. आम्ही ‘अव्यापारी’ ठरतो का?

कलम ५२ मध्ये या शब्दाची व्याख्या नाही. त्याच कायद्यात भाड्याच्या व्याख्येखाली ‘ना-नफा ग्रंथालय’ म्हणजे सरकारी अनुदान घेणारे किंवा आयकरातून सूट असलेले ग्रंथालय, असा खुलासा आहे. तो त्या कलमापुरता असला तरी दिशा दाखवतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेले, अनुदान घेणारे वाचनालय या व्याख्येत सहज बसते. वर्गणीने फरक पडत नाही. नफ्यासाठी पुस्तके भाड्याने देणारे दुकान बसत नाही. सोसायटीतल्या लोकांपुरते किंवा कंपनीतल्या कामगारांपुरते ग्रंथालय ‘सार्वजनिक’ आहे असे सांगणे कठीण आहे.

महाविद्यालयांसाठी आणखी एक वाट आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतींना कायद्यात सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमापुरत्या उताऱ्यांचे संच या सुटीत बसवले. त्या निकालाचा आधार घेऊन अख्खे ग्रंथालय संकेतस्थळावर चढवता येत नाही.

७. जतनासाठी केलेला स्कॅन सभासदांना देता येईल का? निदान व्हॉट्सअॅप गटावर?

पुस्तक मुक्त असेल तर हवे तिथे द्या. हक्क चालू असेल तर गटावर नाही, संकेतस्थळावर नाही, पासवर्ड लावूनही नाही. दोनशे सभासदांच्या गटावर टाकलेली पीडीएफ एका दुपारी गावाबाहेर जाते आणि परत बोलावता येत नाही.

वाचनालयातल्या एकाच संगणकावर, जाळ्याशी (इंटरनेटशी) न जोडता, डाउनलोड आणि छपाई बंद ठेवून दाखवणे चालेल का? कलमात शब्द फक्त ‘साठवणे’ असा आहे, दाखवण्याबद्दल तो गप्प आहे. ठिसूळ प्रत हाताळावी लागू नये म्हणून तिच्याऐवजी एका वेळी एका वाचकाला पडद्यावर स्कॅन दाखवला तर जतनाच्या हेतूशी ते सुसंगत आहे आणि त्यात जोखीम कमी आहे. एका प्रतीच्या बदल्यात चार पडदे लावले की ती सुसंगती संपली.

सभासदाने अभ्यासासाठी काही पानांचे मोबाइलवर फोटो घेतले तर तो त्याचा खासगी वापर, कलम ५२(१)(ए). पानांची संख्या कायद्याने ठरवलेली नाही. एक प्रकरण समजण्यासारखे आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोटो काढत बसलेल्याला थांबवा.

८. लेखक गेल्यावर छापलेल्या पुस्तकाचा हिशेब कसा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला प्रकाशनवर्षापासून ६० वर्षे मिळतात; मृत्युवर्ष बाजूला राहते.

बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली निघाला. मृत्युवर्ष धरले तर २०११ अखेर, पण खरा हिशेब १९५२ पासून: २०१२ अखेर. कविता १ जानेवारी २०१३ पासून मुक्त. आता तोच संग्रह हातात घ्या. आरंभी अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे १९६९ साली गेले. म्हणजे कवितांची पाने आज जाळ्यावर ठेवता येतात, प्रस्तावनेची पाने २०२९ अखेरपर्यंत नाहीत. त्याच दोन पुठ्ठ्यांच्या आत दोन मुदती. शिवाय पुढच्या एखाद्या आवृत्तीत एखादी कविता प्रथमच छापली असेल तर तिची ६० वर्षे त्या आवृत्तीपासून.

डॉ. आंबेडकरांचे लेखनही असेच तपासावे लागते. ते ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले, त्यामुळे हयातीत छापलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली निघाला, म्हणून एक वर्ष पुढे. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ साली प्रथम छापले गेले, तेव्हा त्याचा हिशेब २०४७ अखेरपर्यंत जातो. ‘बाबासाहेबांचे सगळे मुक्त झाले’ असे समजून खंड सरसकट चढवणारे इथे अडकतात.

९. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती स्कॅन केली तर?

मूळ मजकूर मुक्तच राहतो, पण नवी प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ आणि आतली चित्रे त्या त्या माणसाची. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, त्याच्याखाली कालपरवा लिहिलेला अर्थ आहे.

नुसत्या अक्षरजुळणीवर वेगळा हक्क ब्रिटनमध्ये आहे, भारतात नाही. तरी पर्याय असेल तेव्हा जुनी आवृत्तीच स्कॅन करा. वाद टळतो आणि मूळचे शुद्धलेखनही टिकते. आणि स्कॅन केला म्हणून तुमचा त्या पानांवर हक्क निर्माण होत नाही, हेही लक्षात असू द्या.

१०. टोपणनाव, नाव नसलेले पुस्तक, सरकारी प्रकाशन यांना कोणता नियम?

टोपणनावामागचा माणूस माहीत असेल (केशवसुत, बालकवी) तर नेहमीचा नियम. ‘एक गृहस्थ’ कोण हे कळलेच नसेल तर प्रकाशनापासून ६० वर्षे. सरकारी प्रकाशनालाही प्रकाशनापासून ६०. राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयांचे निकाल यांच्या प्रती काढायला एरवीही मोकळीक आहे, मात्र निकालांवर एखाद्या प्रकाशकाने लिहिलेल्या टिपा त्याच्या.

११. दिवाळी अंक आणि मासिकांच्या फायली?

इथे प्रत्येक लेख वेगळा मोजावा लागतो. बाहेरच्या लेखकाने पाठवलेल्या कथेचा हक्क, लेखी करार नसेल तर, त्या लेखकाचा. पगारी कर्मचाऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि इतर वापराचा लेखकाचा, अशी कायद्याची विभागणी आहे. म्हणून संपादकांचे ‘आमची हरकत नाही’ असे पत्र मिळाले तरी अंक पूर्ण मोकळा होत नाही. १९६२ च्या एका दिवाळी अंकात तीस लेखक असतील तर तीस मृत्युवर्षे शोधायची.

जतनासाठी स्कॅन मात्र पूर्ण अंकाचा करा (प्रश्न ५). संकेतस्थळावर अनुक्रमणिका टाका. लेखक, शीर्षक आणि पृष्ठांक ही नुसती माहिती आहे, आणि संशोधकांना बहुधा तीच हवी असते.

१२. पुस्तक बाजारात मिळतच नाही. मग तरी छापून घेता येईल का?

भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथपालाच्या सूचनेवरून काढता येतात: कलम ५२(१)(ओ). नकाशे आणि पत्रकेही त्यात येतात. ‘मिळत नाही’ हे सिद्ध करायची तयारी ठेवा. प्रकाशकाला पत्र, दोन-तीन मोठ्या विक्रेत्यांकडे चौकशी, ऑनलाइन दुकानांत शोध, हे सगळे तारखांसह एका पानावर. मागणीनुसार छपाई करणाऱ्यांकडे पुस्तक असेल तर ते उपलब्धच आहे.

१३. हक्कदाराचा पत्ताच लागत नाही. असे अनाथ पुस्तक जाळ्यावर टाकता येईल का?

कलम ३१ए मध्ये वाट आहे, पण लांबची. लेखक वारलेला, अज्ञात किंवा न सापडणारा असेल तर देशाच्या बऱ्याच भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्तावाची जाहिरात द्यायची, मग परवान्यासाठी अर्ज करायचा. २०२१ पासून हे अर्ज व्यापारी न्यायालयाकडे जातात. न्यायालय स्वामित्वशुल्क ठरवते आणि ते जमा करायला लावू शकते. दोनशे प्रती खपलेल्या कवितासंग्रहासाठी हा खर्च कोणते वाचनालय करणार? व्यवहारात अशी पुस्तके जतनापुरती स्कॅन करून ठेवतात आणि यादीत ‘वारसांचा शोध चालू’ असा शेरा मारतात. तो शेरा वाचून नातवंडांनी स्वतःहून संपर्क करणे अशक्य नाही.

१४. वारस परवानगी द्यायला तयार आहेत. पत्रात काय असावे?

परवानगी लेखी हवी. मुद्रांकाची सक्ती कॉपीराइट कायद्यात नाही. पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पुस्तक आणि आवृत्ती, सही करणाऱ्याचे लेखकाशी नाते, स्कॅन करणे, साठवणे, जाळ्यावर वाचायला देणे आणि डाउनलोड करू देणे यांपैकी कशाला होकार, मोबदला किंवा ‘विनामूल्य’.

दोन शब्द विसरू नका: मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. संकेतस्थळ तर न्यू जर्सीतही उघडते. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असे लिहा. तीन भावंडे असतील तर तिघांच्या सह्या घ्या. थोरल्याने होकार दिला आणि धाकटीने हरकत घेतली, हे नेहमीचे आहे.

१५. प्रकाशक म्हणतो हक्क माझ्याकडे, लेखिकेची मुलगी म्हणते आमच्याकडे. कोणाचे खरे?

करार मागा. हक्क लेखी दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि मराठीत बरीच पुस्तके ‘एका आवृत्तीपुरती’ दिलेली असतात. करारात नाव नसलेल्या, तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला हस्तांतर लागू होत नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातले. त्याआधीच्या करारांना ते कितपत लावायचे यावर वकील भांडू शकतात. १९७५ च्या करारावर ई-पुस्तकाचा हक्क सांगणाऱ्या प्रकाशकाची बाजू तरी भक्कम नाही. वाचनालयाने या भांडणात न पडता दोघांच्याही सह्या घ्याव्यात.

१६. हस्तलिखिते, पत्रे, मोडी दप्तर?

लोकांना खुल्या असलेल्या संस्थेतल्या अप्रकाशित लेखनाची प्रत संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी काढता येते. लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षे उलटलेली हवीत. पेशवाईतल्या कागदांना अडचण नाही. १९८० मधल्या पत्रव्यवहाराला आहे. पत्र ज्याला आले त्याचा कागद, मजकूर लिहिणाऱ्याचा. देणगीपत्रात हे दोन्ही वेगळे नमूद करा.

१७. अंध वाचकांसाठी पुस्तके स्कॅन करायची असतील तर?

इथे कायदा खरोखर उदार आहे. कलम ५२(१)(झेडबी) खाली नफा न घेता, मुद्रित मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी कोणतेही पुस्तक, हक्क चालू असला तरी, ब्रेल, ध्वनी किंवा वाचकयंत्राला समजेल अशा रूपात आणता येते. खर्चापुरतेच पैसे घ्यायचे आणि प्रती बाजारात जाणार नाहीत याची काळजी घ्यायची. अशा वाचकांना पुस्तके मिळावीत यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. नुसता पानांचा फोटो मात्र इथे निरुपयोगी आहे. अक्षरओळख करून (चित्रातली अक्षरे संगणकाकडून मजकुरात उतरवून), मुद्रिते तपासून मजकूर द्यावा लागतो (प्रश्न १८).

१८. स्कॅनिंगचे काम बाहेर द्यायचे आहे. काय सांगायचे?

३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), रंगीत, मूळ फाइल टिफ या न दाबलेल्या चित्ररूपात. बारीक टाइप किंवा शिळाप्रेसचे पुस्तक असेल तर ४००. डेमी आकाराचे एक पान ३०० डीपीआयला साधारण १२-१३ एमबी होते, २०० पानांचे पुस्तक अडीच जीबी. वाचण्यासाठी वेगळी हलकी पीडीएफ. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

काचेवर दाबून स्कॅन करू देऊ नका, पाठ मोडते. वरून कॅमेरा आणि खाली पुस्तक अर्धवट उघडे राहील असा पाळणा हवा. मागच्या बाजूची अक्षरे उमटत असतील तर पानाखाली काळा कागद घालतात. कोरी पाने आणि शेवटच्या जाहिरातीही घ्या. साल नसलेल्या पुस्तकाचा काळ बऱ्याचदा जाहिरातींवरून लागतो. फाइलला नाव म्हणून दाखल क्रमांक आणि पृष्ठांक.

टेसरॅक्टसारखी अक्षरओळखीची साधने मराठी ओळखतात, पण जुन्या टाइपात घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते. कागदावरचा डाग अनुस्वार होऊन येतो, आणि ‘करणें’, ‘त्यांत’ मधला खरा अनुस्वार दुरुस्तीच्या नादात कोणीतरी काढून टाकतो. कच्चा मजकूर वेगळा जपा.

करारात तीन वाक्ये घाला: ठेकेदार प्रत ठेवणार नाही, मूळ फाइलवर जलचिन्ह टाकणार नाही, स्कॅनवर हक्क सांगणार नाही.

१९. ते पुस्तक इंटरनेटवर आधीच आहे. मग आम्ही टाकले तर काय बिघडले?

दुसऱ्याने केलेला भंग ही तुमची परवानगी होत नाही. शिवाय परदेशी संग्रहांचे गणित निराळे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत बहुधा प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात, त्यामुळे भारतात मुक्त असलेले १९४० चे पुस्तक तिथे मुक्त असेलच असे नाही. एका कागदी प्रतीमागे एक डिजिटल प्रत उसनी देण्याची इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकी डिजिटल ग्रंथालयाची पद्धत चार बड्या प्रकाशकांच्या दाव्यात तिथल्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये नाकारली. भारतातल्या वाचनालयाने ती उचलू नये.

२०. कोणी नोटीस पाठवली तर?

फाइल त्याच दिवशी जाळ्यावरून उतरवा, मूळ स्कॅन पुसू नका. मग त्या पुस्तकाची नोंद उघडा: मृत्युवर्ष, ते कुठे सापडले, पहिली आवृत्ती, परवानगीपत्र. हिशेब बरोबर असेल तर तसे उत्तर देऊन फाइल परत चढवा. हक्क चालू आहे हे माहीत असून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. पुस्तकागणिक अर्ध्या पानाची ही नोंद स्कॅन करण्याआधी लिहिलेली असावी. नोटीस आल्यावर मागची तारीख टाकून केलेली नोंद शाईवरूनसुद्धा ओळखू येते.